करयादीत नाव आहे, जमीन नाही: हंगेरीतल्या ज्यू पूर्वजाचा माग

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वडिलांकडून आम्ही बेने इस्राएल, रेवदंड्याकडचे. आईचे वडील १९३० च्या दशकात हंगेरीतून पॅलेस्टाइनला आले. त्यांच्या आजोबांचं नाव सामुएल वाइस, जन्म १८४६, गाव उयफालू, वडिलांचं नाव याकोब, एवढं सामुएलच्या लग्नाच्या नोंदीवरून कळलं. १८२८ च्या हंगेरियन मालमत्ता करयादीच्या सूचीत उयफालू गावी एक याकोब वाइस सापडला. पण शेत, कुरण, द्राक्षमळा, बैल, गाय, सगळे रकाने कोरे. हाच आमचा पूर्वज समजायचा का? आणि हा तिथला सातबारा असेल तर यांची जमीन गेली कुठे?"

जमिनीचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. जमीन कुठे गेली नाही, ती मुळात नव्हतीच. हंगेरीत ज्यूंना मोकळेपणाने जमीन विकत घेता येऊ लागली ती ऑस्ट्रियन बादशहाच्या १८६० च्या हुकमानंतर, आणि समान नागरी हक्क मिळाले १८६७ च्या कायद्याने. १८२८ साली गावातल्या ज्यू माणसाच्या नावापुढे शेतजमिनीचे रकाने कोरे असणं हा नियम होता. त्यावरून तो कंगाल होता असं अजिबात ठरत नाही. उलट एखाद्या याकोब वाइसच्या नावापुढे भरपूर नांगरट आणि चार बैल दिसले असते, तर मी आधी हा माणूस ज्यू आहे का अशी शंका घेतली असती. वाइस हे जर्मन आडनाव आहे आणि अठराव्या शतकात हंगेरीत येऊन वसलेल्या ख्रिस्ती जर्मन शेतकऱ्यांतही ते सापडतं. सूचीत धर्म दिसत नाही. मूळ पानावर नावाआधी किंवा नावानंतर 'युदेउस' (लॅटिनमध्ये 'ज्यू') असं लिहिलंय का, किंवा गावाच्या यादीत ज्यू कुटुंबं वेगळ्या मथळ्याखाली, बरेचदा शेवटी, घातली आहेत का, ते पाहावं लागतं. तुम्ही फक्त सूची पाहिलीय असं दिसतं. मूळ पानाची प्रतिमा मिळवा. त्याशिवाय पुढचं सगळं हवेत आहे.

सातबारा म्हणाल तर तोही नव्हे. सातबारा जमिनीपासून सुरू होतो आणि तिच्यावर हक्क कोणाचा ते सांगतो. ही यादी माणसापासून सुरू होते आणि त्याच्याकडून काय वसूल करता येईल ते मोजते. १८२५ ते १८२७ दरम्यान पोझोन्य, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हा इथे भरलेल्या संसदेत कराचं ओझं जिल्ह्याजिल्ह्यांत नव्याने वाटायचं ठरलं आणि त्यासाठी ही देशव्यापी मोजणी झाली. सरदार-उमराव करमुक्त, त्यामुळे त्यांची स्वतःची शेती यात नाही. जे कर भरणार त्या कुटुंबप्रमुखांची नावं तेवढी आहेत. बायको आणि मुलं नावाने येत नाहीत. विधवा कुटुंबप्रमुख असेल तर ती येते. भाषा लॅटिन. आणि करासाठी विचारायला आलेल्या माणसाला लोक किती खरं सांगतात, ते आपल्याकडच्या कुठल्याही तलाठ्याला विचारा.

आता कोऱ्या रकान्यांच्या आधीचे रकाने बघा, कारण तुमच्या कामाचं जे आहे ते तिथे आहे. नावानंतर घरातल्या १८ ते ६० वयाच्या माणसांचा आकडा असतो आणि मग त्यांची फोड: शेतजमीन धरणारा कुळवाडी म्हणजे 'कोलोनुस', घर असलेला पण शेत नसलेला 'इन्क्विलीनुस', घरही नसलेला, दुसऱ्याच्या घरात राहणारा 'सुबइन्क्विलीनुस'; मग एकत्र राहणारे भाऊ, मुलगे, मुली, गडी, मोलकरणी; मग कारागीर आणि व्यापारी. ज्यू कुटुंबं बहुतेक वेळा इन्क्विलीनुस किंवा सुबइन्क्विलीनुस म्हणून आणि त्याबरोबर व्यापारी किंवा कारागीर म्हणून मोजलेली दिसतात. मोलकरणीच्या रकान्यात एक असेल तर घर अगदीच हातावर पोट असलेलं नव्हतं. भावाच्या रकान्यात एक असेल तर त्याच छपराखाली आणखी एक वाइस आहे, ज्याचं नाव इथे नाही पण पुढे कुठेतरी सापडेल.

मुलांचे रकाने वाचताना घाई करू नका. मुलग्यांच्या रकान्यात शून्य म्हणजे निपुत्रिक नव्हे. १८ वर्षांवरचा मुलगा घरात नाही एवढाच त्याचा अर्थ. सहा पोरं अंगणात खेळत असतील तरी तिथे शून्यच. उलट तिथे एक असेल, तर तो मुलगा १८१० किंवा त्याआधी जन्मलेला, म्हणजे बाप साधारण १७९० च्या आसपासचा किंवा त्याहून जुना. एका आकड्यातून कुटुंबप्रमुखाचं वय असं बाहेर येतं, आणि तुमच्या खऱ्या प्रश्नाला याच वयाची गरज आहे.

खरा प्रश्न हा, की १८२८ चा याकोब आणि १८४६ साली बाप झालेला याकोब एकच आहेत का. इथे जरा थांबून हिशोब करू. १८२८ चा याकोब स्वतंत्र कुटुंबप्रमुख आहे, म्हणजे पंचविशीच्या आसपास तरी धरू, जन्म १८०३ किंवा आधीचा. मग सामुएल झाला तेव्हा तो निदान त्रेचाळीस वर्षांचा होता. अशक्य नाही. शेवटचं अपत्य असेल, दुसरं लग्न असेल. पण सामुएल हे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचं मूल असेल, तर त्याचा बाप १८१५ ते १८२० च्या सुमारास जन्मलेला असण्याची शक्यता जास्त, आणि मग १८२८ साली तो दहा-बारा वर्षांचा पोर होता. करयादीत त्याचं नाव येणारच नाही.

बरेच जण इथे म्हणतात, ठीक आहे, मग १८२८ चा याकोब हा याकोबचा बाप किंवा आजोबा असेल. तसं होत नाही, आणि कारण कागदात नाही, रिवाजात आहे. हंगेरीतले ज्यू अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू परंपरेचे. त्यांच्यात जिवंत नातलगाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. नाव ठेवायचं ते वारलेल्याचं. १८२८ साली जो याकोब हयात आहे, त्याच्या पोटी १८१५ साली याकोब नावाचा मुलगा जन्माला आला असं सहसा घडणार नाही. तोच नियम वडिलांकडच्या हयात आजोबांनाही लागू. म्हणजे पर्याय तीनच उरतात. एक, तो आणि तुमचा याकोब हा एकच माणूस. दोन, तो तुमच्या याकोबचा काका किंवा चुलतभाऊ आहे (दोघांनाही एकाच वारलेल्या पूर्वजाचं नाव ठेवलेलं असू शकतं). तीन, त्याचा तुमच्याशी काहीच संबंध नाही. याकोब वाइस हे नाव त्या काळात इतकं साधं होतं की तिसऱ्या शक्यतेलाही मी हसून सोडून देणार नाही.

याचा निकाल करयादी लावू शकत नाही. तो याकोबच्या मृत्यूची नोंद लावेल. १८५१ पासून हंगेरीतल्या ज्यू समाजांना जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्या ठेवणं सक्तीचं झालं. काही ठिकाणी त्या आधीपासूनही आहेत. टिकलेल्या बऱ्याच वह्यांच्या मायक्रोफिल्म फिती फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत. मृत्यूच्या नोंदीत वय असतं. समजा याकोब १८७० मध्ये ७० वर्षांचा होऊन वारला, तर तुमचे दोन याकोब एकच असण्याला भक्कम आधार मिळाला. ५३ वर्षांचा होऊन वारला असेल, तर करयादीतला माणूस दुसरा, आणि मग तुम्हाला त्याच गावात किंवा शेजारच्या गावांत दुसऱ्या नावाचा वाइस कुटुंबप्रमुख शोधायचा आहे. म्हाताऱ्यांची वयं पाच-सात वर्षं इकडेतिकडे होतात. पण इथे फरक पंधरा-वीस वर्षांचा आहे, त्यामुळे चालेल.

त्याच्या जोडीला सामुएलच्या भावंडांच्या नोंदी गोळा करा. नुसत्या तुमच्या सरळ रेषेतल्या माणसामागे धावू नका. भावंडांचे जन्म १८२५ पासून सुरू होत असतील तर बाप जुना, १८४० नंतर सुरू होत असतील तर तरुण. आणि सामुएल स्वतः १ ऑक्टोबर १८९५ नंतर वारला असेल, तर त्याची नोंद सरकारी दप्तरात आहे, कारण त्या दिवसापासून हंगेरीत नागरी नोंदणी सुरू झाली. त्या नोंदीत आई-वडिलांची नावं बहुतेक वेळा मिळतात, आईच्या माहेरच्या नावासह. आईचं माहेरचं नाव हाताशी आलं की याकोब वाइसांच्या गर्दीतून आपला याकोब वेगळा काढता येतो.

आता उयफालू. याचा अर्थ नुसतं 'नवं गाव', आणि अशी नवी गावं जुन्या हंगेरीत किती होती याची गणती नको. बिहार जिल्ह्यातलं बेरेत्त्योउयफालू, तोर्ना भागातलं तोर्नाउयफालू ही सहज आठवणारी दोन. ही पुढे लावलेली विशेषणं बरीचशी नंतरची आहेत: १८९८ च्या कायद्याने प्रत्येक गावाला एकच आणि वेगळं अधिकृत नाव हवं असं ठरलं, त्यानंतर एकसारख्या नावांची गावं अशी वेगळी करण्यात आली. तुमच्या १८७० च्या आसपासच्या विवाहनोंदीतलं उयफालू आणि १८२८ च्या सूचीतलं उयफालू एकच आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. कशावरून? जिल्हा जुळतो का? हे ठरवल्याशिवाय याकोबच्या मृत्यूची वही तरी कुठल्या गावची काढणार?

हे ठरवायला हंगेरीकडे धाव घ्यायची गरज नाही, तुम्ही जिथे राहता तिथे, इस्राएलमध्येच सोय आहे. आजोबा ब्रिटिश अमदानीत पॅलेस्टाइनला आले आणि त्यांनी नागरिकत्व घेतलं असेल, तर त्यांच्या अर्जाची फाइल इस्राएलच्या राज्य अभिलेखागारात असण्याची चांगली शक्यता आहे, आणि त्यात जन्मगाव लिहिलेलं असतं. मागे राहिलेल्या नातलगांपैकी जे १९४४ मध्ये मारले गेले, त्यांच्यासाठी कोणी याद वाशेममध्ये, म्हणजे जेरुसलेमच्या ज्यू नरसंहार स्मारकात, साक्षीपत्र भरलंय का तेही पाहा. त्या पत्रांत आई-वडिलांची नावं, जन्मगाव, युद्धाआधीचं राहतं गाव असं बरंच मिळतं, आणि भरणारा माणूस बहुधा जवळचा नातलग असतो. मी कुठलंही हंगेरियन प्रकरण हातात घेतलं की आधी या घरच्या कागदांकडे जाते. गाव पक्कं नसताना १८२८ मध्ये उडी मारणाऱ्यांना नाव हमखास सापडतं. अडचणच ती आहे.

गाव कळलं की तो भाग आज कुठल्या देशात आहे ते बघा, कारण पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या त्रियानों तहाने जुन्या हंगेरीचा मोठा भाग स्लोव्हाकिया, रोमानिया, युक्रेन, सर्बिया, ऑस्ट्रिया यांच्या आजच्या हद्दीत गेला. जन्म-मृत्यूच्या वह्या बहुतेक त्या त्या देशांच्या दप्तरखान्यांत आहेत. १८२८ ची करयादी मात्र केंद्रीय मोजणी असल्यामुळे बुडापेस्टच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, गाव आज स्लोव्हाकियात असलं तरी. एक अपवाद ध्यानात ठेवा: ट्रान्सिल्व्हेनिया तेव्हा वेगळा कारभार असलेला प्रांत होता आणि या मोजणीत नाही. तुमचं उयफालू तिकडचं निघालं, तर सापडलेला याकोब तुमचा नाही, विषय संपला.

समजा तो तुमचाच निघाला, किंवा निदान त्याच घरातला. मग पुढे काय? इथे मी लोकांना एकच सांगते: जमीन शोधू नका, जमीनदार शोधा. गाव कोणाच्या जहागिरीत होतं? पश्चिमेला एस्तरहाझी आणि बात्त्यानी, ईशान्येला मुंकाच भागात शोनबोर्न, नॉजकारोयला कारोयी अशी मोठी घराणी होती. ज्यू कुटुंबं गावात राहत ती या घराण्यांच्या परवानगीने, आणि त्यांचा धंदाही बरेचदा जमीनदाराच्या हक्कांवर उभा असे. दारूचा गुत्ता, पालिंका (फळांची दारू) गाळायची भट्टी, खाटीकखाना, गावातलं दुकान हे हक्क जमीनदाराचे. तो ते मक्त्याने देई, आणि मक्तेदार अनेकदा ज्यू असे. कागदांत त्याला 'अरेंदातोर' म्हणतात. म्हणजे तुमच्या याकोबची सगळी मिळकत करयादीच्या जमिनीच्या रकान्यांत न मावणारी असू शकते, आणि तिचा तपशील जहागिरीच्या दप्तरात पडलेला असतो: कोणी किती रकमेला, किती मुदतीसाठी गुत्ता घेतला, जामीन कोण राहिला. जामीन बरेचदा सासरा किंवा भाऊ निघतो. मी तर मक्त्याच्या कागदात आधी जामिनाचंच नाव वाचते. जहागिरींच्या मोजण्यांचा एक मोठा संग्रह, 'उर्बारिया एत कोन्स्क्रिप्तिओनेस', हुंगारिकाना या संकेतस्थळावर प्रतिमांसह पाहता येतो. अठराव्या शतकासाठी तो फार उपयोगी आहे.

मक्त्याची मुदत संपली, बोली दुसऱ्याने जिंकली, की कुटुंब बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी. एकाच जोडप्याची चार मुलं तीन वेगळ्या गावांत जन्मलेली दिसतात त्यामागे बहुतेक हेच असतं. म्हणून १८२८ चं गाव आणि १८४६ चं गाव वेगळं निघालं तरी घाबरू नका. दोन्ही गावं एकाच जमीनदाराची आहेत का, ते आधी तपासा.

१८२८ आणि वह्या यांच्यामधला पूल म्हणजे १८४८ ची ज्यूंची स्वतंत्र मोजणी. ती करयादीपेक्षा कितीतरी बोलकी आहे, कारण तिच्यात घरातली माणसं नावानिशी, वयासकट आणि जन्मगावासह येतात. तुमचा सामुएल तिथे दोन वर्षांचा सापडायला हवा. दुर्दैवाने ती सगळ्या जिल्ह्यांची टिकलेली नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत तिचा उपयोग आहे की नाही हे जिल्ह्यावर अवलंबून. १८६९ च्या जनगणनेचंही तसंच. ज्यूइशजेन या ज्यू वंशावळींच्या संकेतस्थळाच्या हंगेरी विभागात १८२८ आणि १८४८ दोन्हीमधल्या उतरवून काढलेल्या नोंदी शोधता येतात, पण तिथे नाही म्हणजे कुठेच नाही असं समजू नका.

१८२८ च्या मागे जायचं तर एक भिंत येते: आडनाव. दुसऱ्या योझेफ बादशहाच्या १७८७ च्या हुकमाने ज्यूंना कायमची आडनावं घेणं भाग पडलं, १७८८ च्या सुरुवातीपासून. त्याआधीच्या याद्यांत माणूस बापाच्या नावाने येतो, 'मोझेस याकोब' म्हणजे याकोबचा मोझेस. तुमच्या वडिलांकडच्या घराण्यात '-कर' लावलेल्या आडनावावरून कोकणातलं गाव निघतं; वाइसवरून काहीही निघत नाही, एका गावातली दोन वाइस घराणीसुद्धा एकमेकांची कोणी नसू शकतात. तरी मागचा काळ अगदीच अंधारात नाही. मारिया तेरेसाच्या काळापासून हंगेरीतल्या ज्यूंवर 'सहिष्णुता कर' होता, राज्यात राहू दिल्याबद्दल भरायचा. ज्यू लोक त्याला 'मल्के-गेल्ट', राणीचा पैसा, म्हणत. तो १८४६ मध्ये रद्द झाला, आणि त्यासाठीसुद्धा समाजाला १२ लाख फोरिंट मोजावे लागले. या करासाठी जिल्ह्यांनी वेळोवेळी केलेल्या ज्यूंच्या याद्या जिल्हा दप्तरांत आहेत. त्यांतून आडनावाशिवाय चालायला एक आधार लागतो: कबरीवरचा हिब्रू मजकूर. त्यात 'अमुक बेन अमुक' असं बापाचं नाव असतं. याकोबच्या दगडावर 'याकोव बेन मोशे' मिळालं, तर १७८० च्या यादीत कुठला मोझेस शोधायचा ते ठरतं. आशीर्वादाचे दोन हात कोरलेले असतील तर घराणं कोहेन, पाण्याचं भांडं असेल तर लेवी. एवढ्यावरूनही चुकीचे वाइस बाद करता येतात.

घराणं मूळ कुठून आलं याचाही अंदाज जिल्ह्यावरून बांधता येतो. १७२६ मध्ये मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पूर्व भाग) प्रत्येक ज्यू कुटुंबातल्या एकाच मुलाला लग्नाची परवानगी असा नियम झाला, आणि धाकटे मुलगे वायव्य हंगेरीत उतरले. ईशान्येकडचे बरेचसे गॅलिशियातून (आजचा दक्षिण पोलंड आणि पश्चिम युक्रेन) आले. पण हा अंदाजच. तो वंशावळीत पक्क्या शाईने लिहू नका.

सूची शोधताना हंगेरियन लेखनाची एक खोड सांभाळा. तिथे एकटा 'एस' म्हणजे श, आणि 'एस-झेड' ही जोडी म्हणजे स. त्यामुळे वाइसच्या शेवटी दोन एस, एक एस किंवा एस-झेड, आणि सुरुवातीला डब्ल्यू किंवा व्ही, असं सगळं करून पाहा. कुलनाम आधी आणि नाव नंतर हा हंगेरियन क्रमही विसरू नका. दोन्ही शब्द व्यक्तिनावं असली की उतरवून घेणारे इथेच फसतात.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आधी आजोबांची नागरिकत्वाची फाइल आणि याद वाशेममधून उयफालूचा जिल्हा, मग १८२८ च्या मूळ पानावर 'युदेउस' आणि मुलग्यांचा रकाना, मग याकोबच्या मृत्यूची नोंद आणि तिच्यातलं वय. १८४८ ची मोजणी त्या जिल्ह्याची असेल तर ती मृत्यूनोंदीच्याही आधी बघा. तोपर्यंत वंशावळीत सामुएलच्या वर याकोब लिहा, पण त्याच्यापुढे १८२८ लिहू नका. जमीनदाराचं दप्तर उघडायचं ते यानंतर.